दोन पोया

नवतप्याच्या उन्हात आमचा नायट्रोजन संपला, आणि नेमक्या त्याच सकाळी आमच्या एक पेशंट काकू ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, जाणार होत्या.

मी एका ग्रामीण मेडिकल कॉलेजात टेक्निशियन आहे. पोट लहान करायच्या ऑपरेशनला आलेल्यांच्या चरबीचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्यायचा, त्यातून आरएनए, म्हणजे जनुकांच्या हुकमांच्या नकला, काढायचं आणि कोणती जनुकं जोरात चालली आहेत, कोणती सुस्तावली आहेत ते बघायचं. चरबीत आरएनए मुळातच चिमूटभर. पेशी म्हणजे जवळजवळ तेलाचा थेंबच. तुकडा बाहेर आला की ते तुटायला लागतं, आपल्या बोटांवरची एन्झाइमंसुद्धा त्याचा फडशा पाडतात. म्हणून तुकडा निघाल्याबरोबर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये.

काकूंचं स्लीव्ह, म्हणजे पोट लहान करायचं ऑपरेशन, दोन वर्षांपूर्वी इथेच झालं. वजन ११२ वरून ७४ वर आलं, मग चढत चढत ८१. आता पित्ताशयात खडे, त्याचं हे ऑपरेशन. झपाट्याने वजन उतरलेल्या पुष्कळांना ते होतात. आम्हाला मात्र पर्वणी. त्याच बाईची, पोटातल्या त्याच पडद्याची चरबी, आधीची आणि नंतरची. अशी जोडी आमच्या फ्रीजमध्ये एकही नव्हती.

"मी दोन पोया खातो, मॅडम. लेकरू बी माह्यापेक्षा जास्त खाते. मंग वजन कोठून येते?" आदल्या दिवशी त्या विचारत होत्या. आमचे रेसिडेंट याला एकच उत्तर देतात: चोरून खाते. डाएटचा कागद हातात दिला की त्यांचं काम संपलं.

मी त्यांना उपाशीपोटी पारदर्शक घुमटाखाली अर्धा तास निजवलं. यंत्र श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतं, त्यावरून शरीर पडल्यापडल्या किती कॅलरी जाळतं ते कळतं. वय-उंची-वजनाच्या हिशेबाने दिवसाच्या १४०० कॅलरी यायला हव्या होत्या, आल्या ११९०. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी मोजलं, तर ते दिवसाला अंदाजापेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. २०१६ मधला हा अभ्यास. आणि २०२४ मध्ये झुरिकच्या गटाने दाखवलं की असं ऑपरेशन होऊन दोन वर्षं लोटली तरी चरबीतल्या कित्येक जनुकांची चाल पूर्वपदावर आलेली नसते. काकूंच्या तुकड्यात मला तेच बघायचं होतं.

नायट्रोजनची मागणी मी वेळेत दिली होती. खरेदी विभागाने कागद तीन टेबलं फिरवला आणि नागपूरची गाडी आलीच नाही. जनावरांच्या दवाखान्यात गाई भरवायच्या रेतकांड्या नायट्रोजनमध्येच ठेवतात, हे आठवलं आमच्या शिपाईदादांना. १४ किलोमीटर मोटरसायकलवर गेलो. "तीन लिटर नेजा," तिथले डॉक्टर म्हणाले, "त्याहून जास्त नाही. माह्या गवळाऊ वळूंच्या कांड्या उघड्या पडतील." कॅनचं झाकण घट्ट लावता येत नाही, वाफ कोंडली तर फुटतो. दादांनी तोंडाला दुपट्टा बांधला, मी मागे कॅन धरून. खाली डांबर वितळत होतं आणि माझ्या गुडघ्यांना गार वाफ लागत होती.

पोचले तेव्हा तुकडा निघालेला होता. फॉर्मॅलिनमध्ये.

सिस्टर नवीन होती. ओटीत जे निघेल ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत, ही तिची शिस्त, आणि पॅथॉलॉजीपुरती ती बरोबरच. पण त्यातून धड आरएनए निघत नाही, आमच्या कामाचा तो तुकडा राहिला नव्हता. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. ट्रेवर चिठ्ठी लावून जायला मीच विसरले होते, हे मात्र त्या वेळी तोंडातून निघालं नाही. अजूनही तिच्याशी बोलले नाही. सर्जननी बेंबीपाशी दुर्बिणीसाठी पाडलेल्या छिद्रातून कातडीखालची थोडी चरबी दिली, ती गोठवली. आतल्या पडद्याची जोडी गेलीच.

तिसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी मी काकूंच्या यजमानांना घुमटाचा आकडा सांगितला. हिच्या वजनाच्या बाईपेक्षा हिचं शरीर रोज दोनशे कॅलरी कमी जाळतं.

"म्हणजे किती व्हय?"

"दोन पोळ्या धरा."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. काकू पिशवीत गोळ्या भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी कवाचीच सांगून राहिली."

मग मला म्हणाल्या, "न त्या तुकड्यात काय निघालं, मॅडम?"

"वेळ लागते, काकू," मी म्हटलं.