ठिपक्या कोणाचा?

कॉपीराइटचं सर्टिफिकेट काढायचं म्हणजे दिल्लीचं सरकारी ऑफिस रडवणार, अशी मनाची तयारी करून बसले होते. दिल्लीने काही त्रास दिला नाही. रडवलं ते आमच्याच ठाण्यातल्या एका प्रकाशकाने, आणि तेही एका कागदापायी. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. चित्रकथा करणाऱ्या पोरापोरींना उपयोग झाला तर उत्तमच.

आमचं पुस्तक म्हणजे येऊरच्या जंगलातून घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या पार्किंगमध्ये उतरलेल्या बिबट्याच्या पिल्लाची ३२ पानी गोष्ट. पिल्लाचं नाव ठिपक्या. लिहिलं वहिनीने, चित्रं माझी. सगळं तयार करून मगच आम्ही ते प्रकाशकाकडे नेलं. त्यांनी एकरकमी मानधन दिलं, व्हाउचरवर सह्या घेतल्या, पुस्तक निघालं आणि बऱ्यापैकी खपलं. लेखी करार असा काही झाला नव्हता. पुढे एका कंपनीने ठिपक्याची ॲनिमेशन मालिका करू का म्हणून विचारलं आणि पहिल्याच मेलमध्ये कॉपीराइटचं सर्टिफिकेट मागितलं.

खरं तर आपल्याकडे नोंदणीची सक्ती नाही. चित्र कागदावर उतरलं की हक्क तयार झाला, १९५७ च्या कायद्यात तसंच आहे. नोंदणीचा फायदा एवढाच की रजिस्टरमधली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. पण कंपनीच्या वकिलांपुढे हे पुराण लावून काय मिळणार होतं? अर्ज केला. मजकुराचा साहित्यकृती म्हणून एक, चित्रांचा कलाकृती म्हणून दुसरा. प्रत्येकी ५०० रुपये फी, सगळं ऑनलाइन. अर्जाचा डायरी नंबर मिळाला, हरकतींसाठी ठेवलेले ३० दिवस गेले, कोणाचीच हरकत आली नाही. आणि मग त्रुटीचं पत्र आलं: पुस्तक प्रकाशित झालेलं आहे, प्रकाशक अर्जदाराहून वेगळा आहे, सबब प्रकाशकाची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, जोडा.

मला वाटलं, चार ओळींचं पत्र, लेटरहेडवर सही-शिक्का, संध्याकाळपर्यंत काम होईल.

पहिल्यांदा गेले तर साहेब प्रेसवर गेले होते. मग सीए बघतोय म्हणाले. मग काउंटरवरच्या काकांनी सांगितलं, "मॅडम, असं साध्या कागदावर नसतं देता येत, स्टँप पेपर आणा." कोर्ट नाक्यावर जाऊन ५०० चा स्टँप पेपर घेऊन आले. तो त्यांनी ठेवून घेतला नाही, "साहेब आल्यावर आणा" म्हणून परत दिला. त्या ऑफिसात बसायला एक बाक आहे, त्याच्या अर्ध्या भागावर दिवाळी अंकांचे न गेलेले गठ्ठे. उरलेल्या अर्ध्यावर मी. त्रुटीच्या पत्राची मुदत डोक्यावर, आणि समोर भिंतीवर त्यांच्या गाजलेल्या पुस्तकांच्या पोस्टरमध्ये आमचा ठिपक्या शेपूट वर करून उभा. पोस्टरवर ना वहिनीचं नाव, ना माझं.

शेवटी साहेब भेटले. म्हणाले, "अहो, एनओसी कसली? पुस्तक आमचं. तुमचे पैसे तर दिले ना?" आणि फाइलमधून व्हाउचर काढलं. मी ते नीट वाचलं. 'ठिपक्या, बालचित्रकथा, चित्रांचे मानधन', खाली रक्कम, रेव्हेन्यू स्टँपवर माझी आडवी सही. बस्स. हक्कांबद्दल अवाक्षर नाही. तसं मी दाखवल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून दोन पानी करारनामा काढला. सर्व पात्रे, सर्व भाषा, सर्व देश, आज असलेली आणि पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमे, कायमस्वरूपी. यावर दोघींनी सही करा, एनओसी लगेच घेऊन जा. मोबदल्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं: 'यापूर्वीच अदा'.

मी सही केली नाही. "विचार करून सांगते" म्हणून बाहेर पडले आणि तलावपाळीला जाऊन अर्धा तास नुसती धुसफुसत बसले.

रात्री वहिनीने कायदाच उघडला. ती शाळेत शिकवते, कलम वाचताना तिला कंटाळा येत नाही. कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं, देणाऱ्याची सही हवी, आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात हे त्यात नमूद हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणजे आमचं व्हाउचर फार ओढूनताणून हस्तांतरण मानलं असतं तरी कायमस्वरूपी त्यातून निघत नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक बरं केलं. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा बाजारात चालत नव्हतं, त्याचा करारात नाव घेऊन उल्लेख नसेल तर ते हक्क गेले असं होत नाही. नोकरीत राहून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार मात्र सहसा नोकरी देणाराच असतो. तुम्ही कोणाच्या स्टुडिओत पगारावर असाल तर ऑफर लेटर आत्ताच काढून वाचा.

हा प्रकार काही आपल्याकडचाच नाही. सुपरमॅन तयार करणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी १९३८ साली १३० डॉलरला सगळे हक्क लिहून दिले. पुढे आयुष्यभर भांडले. १९७५ मध्ये, सिनेमा येऊ घातला होता आणि चित्रकारांनीच बोंब ठोकली, तेव्हा कुठे त्यांना वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन आणि कॉमिकवर नाव मिळालं. अमेरिकेतल्या काही प्रकाशकांच्या चेकच्या मागे हक्क सोडल्याचा मजकूरच छापलेला असायचा. चेक वटवायला सही केली की हक्क गेले! आमच्या साहेबांना ही युक्ती ठाऊक नव्हती हे आमचं नशीब.

पुढच्या भेटीत वहिनीही आली. साहेबांचा नवा मुद्दा तयार होता: "बिबट्या काय तुमच्या मालकीचा आहे? सोसायटीत बिबट्या तर दर वर्षी पेपरात येतो." वहिनी म्हणाली, "बिबट्या कोणाचाच नाही. उद्या तुम्ही दुसऱ्या कोणाकडून दुसरा बिबट्या काढून घ्या, आमची काही हरकत नाही. ठिपक्या आमचा." कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडली त्या रूपावर असतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगून ठेवलंय. मला तर हे फार न्याय्य वाटतं. लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं त्याचं त्याला मिळावं, म्हणजे तो पुढचं काही करायला बसेल, आणि मग ते सगळ्यांचं व्हावं, असा कायद्याचा हिशोब. मधल्यामध्ये गोदामवाल्याने कायमची मालकी सांगावी यासाठी तो केलेला नाही.

कलमं ऐकून साहेब नरमले असं मुळीच नाही. नरमले ते दुसऱ्याच कारणाने. बोलता बोलता काका म्हणून गेले की पुस्तकाच्या प्रती संपल्यात आणि एका ग्रंथप्रदर्शनासाठी दुसरी आवृत्ती काढायचीय. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. लेखी हक्कच नाहीत तर दुसरी आवृत्ती कशाच्या जोरावर काढणार? मग मात्र पटापट बोलणी झाली. आम्ही त्यांना फक्त परवाना दिला: मराठी, छापील पुस्तक, भारत, तीन वर्षं, प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी, मुखपृष्ठावर दोघींची नावं. ॲनिमेशन, इतर भाषा, टी-शर्ट, खेळणी यांतलं काही नाही. त्यावर सही झाली त्याच दिवशी एनओसी हातात पडली, साध्या लेटरहेडवर. तो ५०० चा स्टँप पेपर माझ्याकडेच राहिला.

आता राहिलेलं. चित्रांच्या अर्जात विचारतात की ही कलाकृती वस्तूंवर वापरली जाते किंवा जाऊ शकते का. हो म्हटलंत तर फी २,००० होते आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं शोध-प्रमाणपत्र (तसंच चित्र कोणाचा ट्रेडमार्क नाही असा दाखला) जोडावं लागतं, तेव्हा उत्तर विचार करून द्या. नाव वगळलं किंवा चित्राची मोडतोड केली तर कलम ५७ खाली भांडता येतं, हक्क विकून टाकले असले तरीही. करार करताना मूळ चित्रांची पानं कोणाकडे राहणार हेही लिहून घ्या, माझी चार पानं प्रेसमध्ये गेली ती गेलीच.

आणि एनओसीतलं पुस्तकाचं नाव फॉर्ममधल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तिथेच उभ्याउभ्या तपासा. आमच्या पत्रात उपशीर्षक गाळलं होतं. ते दुरुस्त करून आणायला मी गेले नाही, वहिनीला पाठवलं.