गाडीच्या रिमोटचा सेल घरीच बदलला: माझा अनुभव

पूर्वी लांबूनच गाडी उघडायची. हळूहळू अंतर कमी होत गेलं आणि शेवटी दाराशी उभं राहून बटण दाबावं लागायला लागलं. रिमोटवरचा लाल दिवा मात्र व्यवस्थित लागायचा, त्यामुळे घरातल्यांचं मत पडलं की दोष गाडीतच आहे. मला ते पटेना, कारण दुसऱ्या किल्लीने तीच गाडी लांबूनही उघडत होती. दिवा लागायला वीज किती लागते? सिग्नल पाठवताना जास्त करंट खेचला जातो आणि दमलेला सेल नेमका तिथेच मान टाकतो.

माझी किल्ली खिशात ठेवून स्टार्टचं बटण दाबायच्या प्रकारातली. पाठीमागची खटकी सरकवली की आत दडवलेली धातूची किल्ली बाहेर येते. ती काढल्यावर तिथेच कडेला एक फट दिसली. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला पातळ कापड गुंडाळून फटीत घातलं आणि नुसतं फिरवलं. उचकटायचं नाही, प्लास्टिकच्या कड्या तशाच तुटतात. टक् आवाज आला आणि दोन भाग सुटे झाले.

आता आधी मोबाइलवर फोटो. सेलची + बाजू वर की खाली, हे किल्लीकिल्लीप्रमाणे बदलतं आणि पाच मिनिटांनी काहीच आठवत नाही.

सेलवर सीआर२०३२ असं कोरलेलं होतं. २० म्हणजे व्यास २० मिमी, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिमी. सीआर२०२५ दिसायला अगदी तसाच आणि तोही ३ व्होल्टचाच, पण जाडी २.५ मिमी, त्यामुळे तो आतल्या धातूच्या पट्टीला नीट टेकेलच याची खात्री नाही. आकडा पाहूनच घ्यावा.

जुना सेल मल्टिमीटरला लावला तर जवळपास ३ व्होल्ट! इथेच माणूस फसतो. मीटर सेलवर भार टाकत नाही, म्हणून म्हातारा सेलही तिथे तरुण दिसतो. त्या आकड्यावर विश्वास न ठेवता मी नवा घातला. तो कडेने धरूनच बसवला. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडल्या तर शॉर्ट होतो. मुलांनी तोंडात घातलाच तर थुंकून टाकावा म्हणून काही कंपन्या सेलला कडू लेप देतात. त्या लेपामुळे कधीकधी संपर्कच नीट होत नाही. माझ्या सेलला लेप नव्हता; असलाच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा.

झाकण लावण्याआधी बटण दाबून पाहिलं. लांबून दार उघडलं. रिमोटचा कोड गाडीशी पुन्हा जुळवावा लागेल अशी धास्ती अनेकांना असते, पण सहसा तशी वेळ येत नाही, माझ्यावरही आली नाही. सेल पूर्ण मेला तरी धातूच्या किल्लीने दार उघडतं आणि स्टार्टच्या बटणाला रिमोट टेकवून बहुतेक गाड्या सुरू होतात. काही मॉडेलमध्ये ही जागा वेगळी असते, मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यासाठी वेगळा काढला आणि तोवर उंच फळीवर ठेवला. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.