फलटणची जुळी कोकरं आणि लोणंदचा बाजार

पुण्याहून फलटणला जायचं तर सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद असा रस्ता आहे, म्हणजे माऊलींच्या पालखीचाच, फक्त वारीच्या दिवसांत गेलात तर गाडी घेऊन जाऊ नका एवढंच सांगतो. जेजुरी मागे पडली की रस्त्याच्या कडेला मेंढरं दिसायला लागतात. खंडोबाची बाणाई धनगराची लेक, तिच्यासाठी देवाने चाकर होऊन मेंढ्या राखल्या अशी गोष्ट आहे, त्यामुळे या भागात मेंढरांवरून गप्पा काढल्या की कोणी परका राहत नाही. आमच्या मित्राचा मित्र मेंढ्यांच्या पैदाशीत काम करतो, तो म्हणाला चला धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामाला, घेऊन जातो, म्हणून हा घाट घातला.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ साली बनविहारी निंबकरांनी सुरू केलेली, लोक तिला नारीच म्हणतात. तिथली मेंढ्यांची गोष्ट मला आधी ऐकून खोटी वाटली होती. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी असते, दहा-पंधरा किलोची, आपल्या दख्खनी मेंढीपुढे कोकरूच वाटेल अशी, पण एका वेताला दोन-दोन तीन-तीन पिल्लं देते. आपली दख्खनी मात्र बहुतेक एकच. गारोळमधला जो जीन, म्हणजे आईबापाकडून पिल्लात उतरणारा घटक, हे करतो त्याला फेक-बी म्हणतात, ऑस्ट्रेलियात बुरूला मेरिनो म्हणून जी जास्त कोकरं देणारी मेंढी गाजली तिच्यातही तोच जीन, आणि तो तिकडे गेला बहुधा अठराव्या शतकाच्या शेवटी जहाजाने नेलेल्या बंगालच्या मेंढ्यांमधूनच. म्हणजे माल आपल्याकडचा, नाव तिकडचं, नेहमीसारखं. तर नारीने गारोळ आणून दख्खनीशी संकर केला, पुढे कर्नाटकातली बन्नूर आणि इस्रायलची अवासी हेही मिसळलं, उंची-वजन दख्खनीचं राहील आणि जुळी होतील असं बघत बघत जी मेंढी तयार झाली ती नारी सुवर्णा. जीनचा नेमका बदल २००१ मध्ये सापडला आणि मग रक्त तपासून कळायला लागलं की कुठल्या जनावरात या जीनची एक प्रत आहे, म्हणजे आईकडून किंवा बापाकडून आलेली, आणि कुठल्यात दोघांकडून आलेल्या दोन. हे महत्त्वाचं आहे कारण मेंढा काही वितो का? त्याच्याकडे बघून त्याच्या लेकींना जुळी होतील का ते कसं कळणार. दोन प्रती असलेला मेंढा कळपात सोडला की त्याच्या सगळ्या लेकींना एक तरी प्रत मिळतेच. एक प्रत असली की दर वेताला सरासरी अर्ध्या कोकराच्या आसपास वाढ. दोन प्रती असलेल्या मेंढीला मात्र तिळी होण्याची भीती, ती जगवणं अवघड.

एवढं सगळं ऐकून आम्ही वाड्यावर पोचलो आणि तिथे गोष्ट वेगळीच निघाली.

वाड्याचे मालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, मेंढरं घेऊन लांब गेले होते, वाड्यावर आजी होत्या, आणि वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोवळी कोकरं. एका शेळीचा पाय आजींनी गुडघ्यात धरलेला आणि दोन कोकरं दोन्ही सडांना लावलेली. मी विचारलं आईचं दूध नाही का, तर म्हणाल्या, "हाय की, पण दोघास्नी न्हाय पुरत. म्हणून तर शेरडं ठेवायची." धनगरांच्या कळपात चार शेळ्या का असतात हे मला तेव्हा कळलं. जुळं झालं की घरात एक काम वाढतं आणि ते बाईमाणसाच्या वाट्याला येतं, हे कुठल्या तक्त्यात येत नाही. दिवाळीनंतर हेच लोक कोकणात उतरतात, वाटेत कोवळी कोकरं घोड्यावर टाकायची, एकाच्या जागी दोन झाली तर घोडाही तोच आणि पाठही तेवढीच. त्यामुळे जुळी सगळ्यांनाच हवीत असं नाही, जे गावातच राहून मेंढरं पाळतात, खुराक घालू शकतात, त्यांना ती जास्त परवडतात, असं मला तरी वाटलं.

त्या पैदाशीतल्या मित्राने कोकरांची वजनं घेतली. पोत्याची झोळी, वर ताणकाटा, कोकरू आत टाकायचं आणि ते बें बें करत हलायचं थांबेपर्यंत आकडा धरून ठेवायचा. कानात बिल्ला, वहीत बिल्ल्याचा नंबर आणि आईचा नंबर. एकाचा बिल्ला पडला होता, मित्र वही चाळायला लागला तर आजी वर न बघता म्हणाल्या, "ते कानडीचं, पाठीवर ठिपका हाय बघ." वहीत तपासलं, बरोबर होतं. पन्नास-साठ मेंढ्यांच्या लेकरांची आई तोंडपाठ! पैदास सुधारायची तर सगळ्यात आधी लागतं ते हेच, कोणाचं कोण. संस्थेकडे जीन असेल पण ही माहिती वाड्यावरच आहे आणि बहुतेक बाईकडे आहे.

संध्याकाळी मामा आले आणि खरा विषय निघाला. जो कोकरा सगळ्यात भराभर वाढतो तोच आधी विकला जातो, ईदच्या आधी व्यापारी दारात येतो, रोख देतो, घरात लग्न किंवा दवाखाना असतोच. मागे उरतो तो कोणी न घेतलेला, आणि तोच कळपाचा मेंढा होतो. वर्षानुवर्षं हे चाललं की कळप कुठे जाणार? मामांनी एक चांगला मेंढा ठेवला होता, जुळ्यातला, आणि तो आजूबाजूच्या दोन वाड्यांनाही वापरायला देतात. "त्याच्याच लेकींवर परत ह्योच नगं, म्हणून दोन वर्सांनी बदली करायचा," एवढं त्यांचं शास्त्र. इथिओपियात २००९ च्या सुमारास गावकऱ्यांच्या मेंढ्यांवर असाच कार्यक्रम सुरू झाला, मेंझ, बोंगा वगैरे भागांत, गावाची कमिटी सगळ्यांचे कोकरे एकत्र बघते, नोंदीही बघते आणि रंग-शिंगंही, चांगले निवडून ठेवते आणि ते गटागटाने वापरायचे. मामांना सांगितलं तर म्हणाले चांगलं हाय, पण तवर कोकऱ्याचं पैसं कोण देतंय? तिकडे त्यासाठी फिरता निधी ठेवतात, हे सांगितल्यावर गप्प झाले आणि मग बराच वेळ निधी किती, परत कसा करायचा हेच विचारत बसले.

येताना लोणंदच्या बाजारात थांबलो. मेंढरांचा मोठा बाजार, कांद्याचाही. मेंढे बघणारे लोक नाक बघतात, जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीचं पोपटासारखं बाकदार नाक असलं की किंमत कुठल्या कुठे जाते, कधीकधी लाखांत. नाकाने वजन वाढतं का माहीत नाही, पण मान वाढतो हे नक्की. मित्राने एका व्यापाऱ्याला सहज विचारलं की या मेंढ्याची आई जुळी देते का. तो हसायलाच लागला. "दादा, जुळ्याचं मटण येगळं लागतं व्हय?" आणि दोरी सोडवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.