साखर कुठे गेली?

"ह्यात साखर घालायला विसरलेत काय रे?" पहिला घोट घेताच मामांनी विचारले आणि पेला कुंद्याच्या बशीशेजारी ठेवून दिला.

बाटली शाब्ली या पांढऱ्या वाइनची होती. फ्रान्समधल्या बरगंडीच्या उत्तर टोकाची, निव्वळ शार्डोने द्राक्षांची. अशा कोरड्या वाइनमध्ये द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबताना मद्यार्कात बदलते. शिवाय तिथे गारठा असा की द्राक्षांचा आंबटपणा टिकून राहतो, आणि वसंतातले कोवळे कोंब करपू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर मळ्यात शेगड्या पेटवतात किंवा पाणी फवारून कोंबांभोवती बर्फाचेच कवच तयार करतात. (त्यावर कुंद्यासारखी गोड मिठाई खाऊन वाइन पिणे हा आमचाच अपराध.)

मला मात्र तिथल्या मातीने अडकवून ठेवले. त्या चुनखडीच्या मातीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या इवल्या कालवांचे शिंपले सापडतात. हे ऐकून, ज्यांचे निम्मे आयुष्य खानापूरच्या जांभ्या दगडावर गेले त्या मामांनी पेला पुन्हा उचलला. "तरीच ओल्या खडूसारखं लागतंय."

दगडाची चव मुळांवाटे थेट द्राक्षात उतरते, याला शास्त्राचा आधार नाही. पण ते मी मामांना सांगितले नाही. आपल्या जांभ्याची चव त्यांनी कशी सांगितली असती?