पहारा देतात, गस्त घालतात

काल एका कादंबरीच्या प्रुफात 'त्याने रात्रभर पहारा घातला' असं वाक्य आलं आणि लाल पेन तिथेच अडलं. इतकी वर्षं मुद्रितशोधन केल्यावर चूक आधी हाताला कळते, मला मागाहून. पहारा देतात, करतात, बसवतात. घालतात ती गस्त. लेखकाने फोनवर विचारलं, "का पण?" आणि माझी दांडी गुल. 'तसंच म्हणतात' हे काही उत्तर नव्हे. शेवटी कोश काढून बसले.

गस्त म्हणजे फारसीतला 'गश्त'. 'गश्तन' या क्रियापदाचा अर्थ वळणं, फिरणं. राखणीचा त्यात मागमूसही नाही, नुसती पायपीट. आणि आपल्याकडे माणूस त्याच त्या वाटेने फिरू लागला की क्रियापद ठरलेलं आहे: प्रदक्षिणा घालतो, येरझारा घालतो, घार घिरट्या घालते. बाहेरून आलेल्या गस्तीलाही मराठीने याच पंगतीत बसवलं.

पहाऱ्याचं नातं मात्र पायांशी नाही, वेळेशी. मूळ शब्द संस्कृत 'प्रहर', म्हणजे दिवसरात्रीचा आठवा भाग, 3 तास. पाळी प्रहराची, म्हणून काम पहाऱ्याचं. गंमत म्हणजे आपली दुपारही याच घरची. दोन प्रहर उलटले की दुपार. एकाच शब्दाने पहारेकऱ्याला जागं ठेवलं आणि बाकीच्यांच्या वामकुक्षीची सोय केली!

पुढच्याच पानावर लेखकाने 'पेट्रोलिंग' वापरलंय. ते मी ठेवलं, पात्राच्या तोंडी शोभतं. इंग्रजीने हा शब्द 17व्या शतकात फ्रेंचमधून उचलला आणि तिथे त्याचा जुना अर्थ चिखलात थपाथपा पाय मारणं. भर पावसात ज्याने गस्त घातली असेल त्याला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही.

एवढं झाल्यावर मीच लेखकाला उलट फोन केला. "तुमचा नायक रात्रभर फिरत होता की एका जागी बसून होता?"

"दारात बसून. पाय मोडलाय ना त्याचा, 4थं प्रकरण."

मग 'पहारा' तसाच ठेवला आणि 'घातला' तेवढं खोडून 'दिला' केलं.