वरून चकाचक, कडेनं भुरकट

एका लग्नातले फोटो बघत बसलो होतो, त्यात बहिणीनं मी जिना चढताना मागून काढलेला एक फोटो निघाला आणि त्यात सगळ्यात ठळक काय दिसत होतं तर माझ्या बुटांच्या टाचा. वरच्या लेदरला मी सकाळीच अर्धा तास ब्रश मारला होता, ते मस्त चमकत होतं, आणि खाली टाचेची कड पार भुरकट, खरखरीत, एका कोपऱ्यात थर सुटल्यासारखे. बहीण म्हणाली, "दादा, समोरून तू इंटरव्ह्यूला निघालायस आणि मागून रिजेक्ट होऊन परत आलायस."

लागलं ना मनाला.

मग मी जे केलं ते तुम्ही करू नका. घरात काळा परमनंट मार्कर होता, म्हटलं कड काळीच तर करायचीय, फिरवला सगळीकडून. ट्यूबलाइटखाली ठीक वाटलं, सकाळी उन्हात बघतो तर जांभळट झाक आणि खरखरीतपणा जिथल्या तिथे, उलट आता तो जास्तच दिसत होता. भिंतीला पुट्टी न मारता रंग दिला की कसं दिसतं, डिट्टो तसं.

मुद्दा असाय की सोलची कड म्हणजे चामड्याची कापलेली बाजू. वरच्या भागाला चामड्याचा गुळगुळीत पृष्ठभाग असतो, त्यावर फिनिश असतं, कडेला मात्र नुसते तंतू उघडे पडलेले असतात आणि त्यांना फक्त रंग आणि मेण यांचाच काय तो आधार. बूट बनवताना कड घासतात, रंगवतात आणि गरम इस्त्रीनं मेण दाबून बसवतात. पुढे दगड, पायऱ्या, पाणी यांनी ते मेण निघून गेलं की कडेतून ओल आत शिरते, तंतू फुगतात, उभे राहतात आणि मग वरून कितीही पॉलिश चोपडा, ते केसाळ चामडं सगळं पिऊन टाकतं आणि पुन्हा तसंच भुरकट दिसतं. म्हणजे काम रंगाचं नाहीच मुळात, काम घासायचंय.

पण घासायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा, कड खरंच लेदरची आहे का. बऱ्याच बुटांची टाच थरांची वाटते पण ते थर नुसते छापलेले किंवा वरून चिकटवलेले असतात, आत प्लास्टिक नाहीतर रबर. माझ्या दुसऱ्या जोडावर मी उत्साहात पॉलिश पेपर (सँडपेपर) मारला आणि दोन हातातच सुंदर रेघा गायब, खाली फिकट काहीतरी. गेला तो जोड. तेव्हा कडेवरच, पण दुसऱ्या पायाकडच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा, लेदर असेल आणि वरचं मेण उडालेलं असेल तर थेंब जिरून डाग गडद होतो. नुसता ओघळून गेला तर पॉलिश पेपर आत ठेवा आणि त्याच रंगाच्या क्रीमवर भागवा.

तर लेदरच्या जोडाला मी असं केलं. आधी कोरड्या ब्रशनं माती काढली, वेल्टच्या (सोल आणि वरचा भाग जोडणारी चामड्याची पट्टी) शिवणीत अडकलेली जुन्या टूथब्रशनं. मग ओलसर फडक्यानं पुसून रात्रभर सुकू दिलं, कारण ओलं चामडं घासलं तर लगदा निघतो. दुसऱ्या दिवशी वरच्या लेदरला कडेलगत मास्किंग टेप लावली (ही पायरी कंटाळा येतो म्हणून सोडू नका, विशेषतः बूट स्वेडचे, म्हणजे लवदार चामड्याचे असतील तर, त्यावर रंग लागला तर विषय संपला) आणि पॉलिश पेपर एका खोडरबरभोवती गुंडाळून कडेच्या दिशेनंच फिरवला. आडवा घासला की बारीक चरे पडतात आणि रंग लावल्यावर ते चरे उठून दिसतात. २२० नंबरनं सुरुवात, मग ४००, शेवटी ६००. खोल खड्डा असेल तिथे आधी जास्त खरखरीत १५० नंबरनं थोडंसं, पण शिवणीच्या दोऱ्यापासून लांब, दोरा कापला गेला तर सोल सुटायला सुरुवात होते. ४०० पर्यंत आलो तेव्हाच कडेवरून बोट फिरवावंसं वाटायला लागलं होतं, खरं सांगतो.

टाचेच्या त्या सुटलेल्या कोपऱ्यात थोडा चामड्याचा गोंद भरून दाबून ठेवला. इथे फेविक्विक टाइप काही वापरू नका, तो भाग कडक होतो आणि रंगच पीत नाही, डाग राहतो.

यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडली. कड किंचित ओली करून स्टीलच्या चमच्याची पाठ जोर लावून घासायची. तंतू आडवे बसतात आणि रंग न लावताच कड तुकतुकीत व्हायला लागते. मी एकाच बुटावर पाऊण तास बसलो होतो, गरज नव्हती.

मग एज ड्रेसिंग, म्हणजे कडेला लावायचा रंग. बाटलीला स्पंज असतो पण तो एकदम भसाभस सोडतो आणि ओघळ थेट वरच्या लेदरवर, म्हणून मी बारीक ब्रश घेतला. पातळ दोन हात, मध्ये अर्धा तास. ब्राऊन बुटाला कड गडद ब्राऊन ठेवली तर बूट एकदम फॉर्मल दिसतो, नैसर्गिक रंगाची ठेवली तर जरा मोकळाढाकळा. वाळल्यावर वॅक्स पॉलिश बोटाला फडकं गुंडाळून चोळलं, दहा मिनिटं थांबलो, ब्रश मारला. हेअर ड्रायरनं मेण जरा कोमट केलं की आत छान मुरतं, पण लांबून आणि थोडाच वेळ, कारण सोल चिकटवलेला असेल तर गरमीनं गोंद सैल पडतो.

आता झिजलेली टाच. रंगानं आकार परत येत नाही. चालताना बहुतेकांची टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आधी टेकते, म्हणून रबराची खालची चकती तिथेच तिरकी झिजते. ती चकती बदलणं सोपं काम आहे, दुरुस्तीवाला झटक्यात करून देतो, फक्त झीज चकतीवरच्या, टाचेच्या लेदरच्या थरांपर्यंत पोचायच्या आत त्याच्याकडे न्या. थर झिजले की ते पण बदलावे लागतात. आणि दोन्ही बुटांच्या एकदमच बदला, एकच बदलली तर चालताना विचित्र वाटतं. मी आधी कडा रंगवल्या आणि मग चकत्या बदलून आणल्या, त्यांनी नवी चकती टाचेच्या मापाला घासताना माझा अर्धा रंग काढून टाकला. क्रम उलटा पाहिजे होता. परत चमचा, परत ब्रश.

काम झाल्यावर बहिणीला मागून काढलेला नवा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "टाचा भारी. आता पँटची मागची शिवण बघ."