‘गो’ची वही : दहावा आठवडा

एकच इंग्रजी क्रियापद धरून त्याची वही भरायची ठरवली, तेव्हा ‘रन’ आणि ‘सेट’ सोडून ‘गो’ हातात घेतलं म्हणून आपल्यातल्या काहींनी नाकं मुरडली होती. ती दोघं पैलवान, मान्य. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पण मला छळत होतं ते ‘वेंट’. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’? दोन्हींत एक अक्षर सारखं नाही.

दोनशे पानी वहीची एकसष्ट पानं भरली. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे आपण ते कसं म्हणू ते.

‘वेंट’चा छडा लागला. जुन्या इंग्रजीत जाण्याला ‘गान’ म्हणत आणि त्याचा भूतकाळ होता ‘एओदे’. म्हणजे जोडी तेव्हापासूनच विजोड. शेजारी ‘वेंड’ नावाचं वेगळंच क्रियापद नांदत होतं, मूळ अर्थ वळणे. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेंट. पंधराव्या शतकाच्या सुमारास हे ‘वेंट’ दक्षिण इंग्लंडात ‘गो’च्या घरी दत्तक गेलं आणि ‘एओदे’चा वंश बुडाला. भूतकाळ गमावलेल्या ‘वेंड’ला पुढे ‘वेंडेड’ शिवून दिलं गेलं. आज ते ‘वेंड वन्स वे’ या एका वाक्प्रचाराच्या आधारानं कसंबसं तग धरून आहे. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गेड’ असं घरचंच रूप राहिलं.

चौथ्या आठवड्यात सहा वर्षांची भाची राहायला आली होती. म्हणाली, ‘आय गोड टू स्कूल.’ गोडच म्हटलं! नियमानं पाहिलं तर चूक तिची नाही, भाषेची. इंग्रजांची पोरंही आधी हेच म्हणतात, जशी आपली ‘करला’ म्हणतात. मी समजवायला गेलो, ‘अगं, गोचं वेंट होतं, जसं आपल्याकडे जाणेचं...’ आणि तिथेच अडकलो.

जाणेचं ‘जाला’ कुठे होतं? ‘गेला’ होतं. पन्नास वर्षं बोलतोय, एकदाही खटकलं नाही. ‘जाणे’ आलं संस्कृत ‘या’ धातूवरून, ‘गेला’ आलं ‘गम्’च्या ‘गत’वरून. करणे-केला निदान एकाच ‘कृ’ची लेकरं. इंग्रजांना हसायची सोय उरली नाही.

त्यानंतर उजवा रकाना भराभर वाढला. दूध ‘गोज ऑफ’, माणूस ‘गोज मॅड’, ‘गोज डेफ’, ‘गोज बॉल्ड’. बिघाडाकडे नेणारं हे ‘गो’, आणि स्वप्नं मात्र ‘कम ट्रू’. आपल्याकडेही तोल जातो, तडा जातो, वेळ वाया जातो. अब्रू जाते, पण ‘अब्रू आली’ असं कोणी म्हटलेलं ऐकलं नाही. लाइट तेवढी जाते तशी येतेही. (‘गो ग्रीन’, ‘गो व्हायरल’ हे अपवाद वेगळ्या पानावर टाकलेत. ते नियम मोडतात की नवा नियम करतात, ठरत नाही.)

या महिन्यातली सगळ्यांत आवडलेली नोंद सोसायटीच्या फाटकावर सापडली : ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’. कर्मणीत आपण ‘जाणे’ वापरतो. इंग्रजीत ‘गो अननोटिस्ड’, ‘गो अनपनिश्ड’ चालतं, ‘गो नोटिस्ड’ चालत नाही. घडलं नाही ते सांगायला ‘गो’, घडलं ते सांगायला नाही. आपल्या ‘जाणे’ला असला सोवळेपणा नाही, ते ‘पाहिलं जातं’ आणि ‘पाहिलं जात नाही’ दोन्हीकडे जेवतं.

‘शी हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे अजून तिकडेच आहे, ‘शी हॅज बीन’ म्हणजे परतली. शाळेत याच्यावर मी मार खाल्लाय. ‘गेली आहे’ आणि ‘जाऊन आली’ एवढं कोणी सांगितलं असतं तर पाठ वाचली असती.

‘द काऊ गोज मू’ समोरचा रकाना रिकामा आहे. आपली गाय हंबरते, मांजर म्याँव करतं, जात कोणीच नाही. उलट बाजूनं निघताना आपण म्हणतो तो ‘येतो हं’ इंग्रजीच्या रकान्यात बसत नाही. ‘गोइंग टू’ला अजून हात लावलेला नाही, बारा पानं राखून ठेवलीत.

परवा भाचीचा फोन आला. ‘मामा, मग होणेचं होला का नाही, झाला का?’ शोधलं. ‘होणे’ संस्कृत ‘भू’वरून आणि ‘झाला’ संस्कृत ‘जात’वरून (म्हणजे जन्मलेला), म्हणजे इथेही दत्तक प्रकरण. जुन्या मराठीत ते रूप चक्क ‘जाला’ असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे मी जे ‘जाला’ शोधत होतो ते होतं, फक्त ‘होणे’च्या घरी. तिला अजून सांगितलेलं नाही.